खांद्याची जुनी, मोठी फाट: कोणत्या खांद्याला कोणतं ऑपरेशन

“शीर तुटलीय म्हणाले. शिवायची का?”

एमआरआयची मोठी पिशवी टेबलावर ठेवता ठेवता बहुतेक जण हेच विचारतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण दुसऱ्याने केलेलं ऑपरेशन पुढचे सहा महिने माझ्या टेबलावर असतं. कोणता खांदा कशाने सुधारला आणि कोणता विनाकारण उघडला गेला, हे मला सर्जनपेक्षा उशिरा पण जास्त काळ दिसतं. त्यातून बनलेलं मत आधीच सांगते. फाट जुनी आणि मोठी असेल तर नुसत्या सेंटिमीटरवरून ऑपरेशन ठरवू नये. तिच्यामागचा स्नायू अजून कामाचा आहे का आणि हातातून तुम्हाला नेमकं काय परत हवंय, यावर ते ठरवावं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पहिल्याचं उत्तर अर्धवट असतं, दुसऱ्याचं मुळीच नसतं.

फाटतं ते काय

लोक ‘शीर’ म्हणतात, ‘नस’ म्हणतात, पण रक्तवाहिनी किंवा नस तुटलेली नसते. तुटते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात.

खांद्याचा गोळा मोठा आणि त्याची वाटी उथळ. बशीत मोसंबं ठेवावं तसा प्रकार. ते मोसंबं बशीवर दाबून धरायचं काम चार स्नायू करतात. सुप्रास्पायनॅटस वरून, इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरेस मायनर मागून, सबस्कॅप्युलॅरिस पुढून. या चौघांच्या कंडरा मिळून गोळ्याभोवती टोपरं तयार होतं, तेच रोटेटर कफ. हात उचलायची खरी ताकद बाहेरच्या मोठ्या डेल्टॉइड स्नायूची. पण टोपरं फाटलं की डेल्टॉइडने ओढल्यावर हात वर जाण्याऐवजी गोळाच वर सरकतो आणि वरच्या हाडाला, अॅक्रोमियनला, जाऊन घासतो.

३ ते ५ सेंटिमीटरची फाट मोठी म्हणतात. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली किंवा दोन कंडरा पूर्ण तुटलेल्या असतील ती ‘मॅसिव्ह’.

आता एक दिलासा. फाट म्हणजे दुखणं असं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून पाहिले होते. साठीच्या पुढच्यांत निम्म्याहून जास्त खांद्यांत अर्धवट किंवा पूर्ण फाट निघाली. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘कम्प्लीट टेअर’ वाचून घाबरत थेट ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

पहिली पायरी: काय परत हवं ते लिहून काढा

खरोखर कागदावर लिहा. एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे आले होते, वय ६८. आयुष्यभर घंटीची दोरी ओढलेला उजवा हात आता खांद्यापर्यंतही जात नव्हता. उचलायला सांगितलं की आधी कानाजवळ खांदा चढायचा, मग कंबर वाकडी व्हायची, आणि हात तिथेच. मुलगा म्हणाला, “बाबांचा हात वर जायला पाहिजे.” मी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, “हाताचं जाऊ द्या हो, मला रात्री झोप पाहिजे. त्या कुशीवर वळलो की जाग येते.”

घरचे म्हणत होते ते ऑपरेशन वेगळं आणि बाबांना हवं होतं ते वेगळं. म्हणून यादी करा. रात्रीचं दुखणं थांबायला हवं? केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जायला हवा? दुकानाचं शटर ओढायचंय? भिंतीला गिलावा करायचाय? की फक्त घास तोंडापर्यंत नेताना कोपर वर उडतं ते बंद व्हायला हवं? दुखणं कमी करणं सगळ्यात सोपं. उंची मिळवणं त्याहून अवघड. ताकद परत आणणं सगळ्यात अवघड, आणि तिचं आश्वासन सहज देणाऱ्याकडून दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: खांदा तपासून घ्या, नुसता फोटो नव्हे

घरीही करता येईल अशी एक साधी परीक्षा आहे. उताणे झोपा आणि हात पूर्ण सैल सोडून दुसऱ्याला तो हळूहळू वर न्यायला सांगा. दुसऱ्याच्या हाताने पूर्ण वर जातो पण तुमच्या ताकदीने जात नाही, तर कफची शंका जास्त. दुसऱ्यानेही जात नाही, वाटेत अडतो, तर खांदा जाम झालाय. तो फ्रोझन शोल्डर असू शकतो (मधुमेह असलेल्यांत फार दिसतो), नाहीतर सांध्याची झीज. जाम झालेला खांदा आधी मोकळा करतात, शिवणकाम नंतर.

डॉक्टरांनी आणखी चार गोष्टी बघायला हव्यात. कोपर अंगाला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवून सोडला तर तो तिथे थांबतो की दार लोटल्यासारखा आत येतो? आत आला तर मागच्या कंडरा गेल्यात. तळवा पोटावर दाबताना कोपर मागे पडतं का? पडलं तर पुढचा सबस्कॅप्युलॅरिस गेलाय. डेल्टॉइड नीट आकसतो का? आणि मान तपासली का? मानेतली पाचवी नस दबली तरी हात असाच लुळा पडतो, आणि मानेच्या दुखण्यावर खांद्याचं ऑपरेशन झाल्याची उदाहरणं या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात.

इथे एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा. काल-परवापर्यंत हात वर जात होता आणि गाडीवरून किंवा न्हाणीघरात पडल्यावर अचानक जायचा बंद झाला, तर हा लेख बाजूला ठेवून आठवड्याभरात खांद्याच्या सर्जनला गाठा. जुन्या फाटीवर नवी फाट पडलेली असू शकते, आणि नवी फाट लवकर शिवली तर चांगली जुळते. ‘लचक भरलीय’ म्हणून तीन महिने मालिश करून आलेले लोक पाहिले की वाईट वाटतं.

तिसरी पायरी: एक्स-रे आणि एमआरआय वाचायला शिका

एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. त्यात गोळा आणि वरचं हाड यांच्यातली फट बघायची. ती ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर गोळा वर सरकलाय आणि कफ शिवून जुळण्याची शक्यता उतरत जाते. गोळ्याने वरच्या हाडाला घासून कमान कोरली असेल किंवा गोळा आणि वाटीमधली फटच नाहीशी झाली असेल, तर कफबरोबर सांधाही झिजलाय. मग शिवणकामाचा विषय जवळजवळ संपतो.

एमआरआयमध्ये तीन गोष्टी विचारा. पहिली, कंडरा मागे कुठपर्यंत ओढली गेलीय? हाडाजवळ आहे, गोळ्याच्या माथ्यावर आहे, की थेट वाटीच्या कडेला? वाटीपर्यंत गेलेली कंडरा ओढून आणणं कठीण. दुसरी, सबस्कॅप्युलॅरिस आणि टेरेस मायनर शाबूत आहेत का? पुढचे बरेच पर्याय या दोघांवर उभे आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे स्नायूतली चरबी. कामावरून सुटलेल्या स्नायूत हळूहळू चरबी भरते. गुटालिए नावाच्या फ्रेंच सर्जनने १९९४ मध्ये याची ० ते ४ अशी श्रेणी लावली. तेव्हा सीटी स्कॅनवर होती, आता एमआरआयवर वापरतात. श्रेणी २ म्हणजे चरबी आहे पण स्नायू जास्त. ३ म्हणजे निम्मं-निम्मं. ४ म्हणजे चरबीच जास्त. प्लेट खिडकीशी धरून बघा. खांद्याच्या फऱ्याचं इंग्रजी वाय अक्षरासारखं चित्र दिसतं ती चौकट शोधा. निरोगी स्नायू गर्द करडा, भरीव दिसतो. चरबी भरलेला दिसतो काळ्या रानात चुन्याच्या फक्क्या मारल्यासारखा. ही चरबी शिवल्यावर सहसा परत स्नायू होत नाही. रिपोर्टमध्ये श्रेणी लिहिलेली नसेल तर लिहून मागा.

चौथी पायरी: आधी तीन महिने व्यायाम, मनापासून

माझा धंदा म्हणून सांगत नाही. जुन्या मोठ्या फाटीत कफ नसताना डेल्टॉइडला काम शिकवता येतं. सुरुवात उताणं झोपून, कारण तेव्हा हाताचं वजन विरोधात नसतं. हात सरळ वर छताकडे, तिथल्या तिथे लहान हालचाली, मग अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन. जमलं की पाठीमागे उशा लावत हळूहळू बसतं व्हायचं. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, निदान १२ आठवडे. कंडक्टर काकांनी हे केलं आणि नवव्या आठवड्यात त्या कुशीवर झोपले. हात आजही पूर्ण वर जात नाही. ऑपरेशनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो आणि तेवढ्यात व्यायाम बसवता येतो. पण दर दोन महिन्यांनी इंजेक्शन हा उपचार नव्हे, कंडरा त्याने आणखी विरते. आणि ऑपरेशन ठरत असेल तर सर्जनला शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगाच. सांधा बदलायचा असेल तर मध्ये निदान तीन महिने जाऊ देतात, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तीन महिन्यांनीही झोप नसेल किंवा यादीतलं महत्त्वाचं काम होत नसेल तर पुढे वाचा.

पाचवी पायरी: पर्याय, सोप्यापासून मोठ्यापर्यंत

*साफसफाई आणि बायसेप्स सोडवणं.* दुर्बिणीतून दोन-तीन छिद्रं, आतली सुजलेली, लोंबणारी जाळी काढून टाकायची, आणि सांध्यातून जाणारी बायसेप्सची लांब कंडरा बहुधा दुखण्याचं मोठं कारण असते ती कापून सोडायची किंवा खाली हाडाला बांधायची. नुसती कापली तर दंडातली बेडकी थोडी खाली घसरलेली दिसते, काहींना चमक येते. वयस्करांचं सहसा काही अडत नाही. या ऑपरेशनने हाताला नवी ताकद येत नाही, दुखणं मात्र बऱ्याच जणांचं उतरतं. हात वर जातोय पण दुखतोय अशा सत्तरीच्या माणसाला हा पर्याय सांगायला सर्जन कधी कधी संकोचतात, कारण तो फार किरकोळ वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. एक अट: वरच्या हाडाची कमान आणि तिचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, जपायला हवा. ते खरवडून काढलं तर फाटक्या कफचा गोळा पुढून वर निसटतो आणि होता तेवढा हातही जातो.

*पूर्ण शिवणं.* स्नायूत चरबी श्रेणी २ पर्यंत, गोळा जागेवर, आणि कंडरा सैल करून हाडापर्यंत येतेय, तर हे करावं. चिकटलेली कंडरा चारी बाजूंनी सोडवतात, हाड घासून ताजं करतात आणि लहान खुंट्या, म्हणजे अँकर, हाडात बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा दाबून बांधतात. बऱ्याचदा दोन रांगांत.

पण विरलेल्या लुगड्याला कितीही पक्क्या दोऱ्याने शिवलं तरी ते टाक्याच्या कडेने फाटतं. इथेही तेच होतं. दोरा तुटत नाही, कंडरा तुटते. २००४ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या १८ मोठ्या फाटी नंतर सोनोग्राफीवर पाहिल्या, तर १७ पुन्हा उघडलेल्या होत्या. तरी वर्षभराने त्यातले बरेच रुग्ण खूश होते, पुढच्या वर्षात मात्र काहींचा फायदा ओसरला. त्यानंतर टाके घालायच्या पद्धती सुधारल्या, आकडेही सुधारले. पण मोठ्या, जुन्या फाटीत पुन्हा फाटण्याचं प्रमाण अजून दुर्लक्ष करण्यासारखं नाही. “माझ्या वयात, माझ्या स्नायूत जुळण्याची शक्यता किती?” हे विचारा आणि उत्तर आकड्यात मागा.

*अर्धं शिवणं.* पूर्ण झाकत नसेल तर जेवढं येतं तेवढंच बांधायचं. वर भोक राहिलं तरी चालेल, पण पुढचा आणि मागचा पट्टा हाडाला धरलेला हवा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की गोळा मधोमध राहतो. तंबूचं वरचं कापड फाटलं तरी पुढच्या-मागच्या दोऱ्या ताणलेल्या असल्या की तंबू उभा राहतो, तसं. यासाठी ऑपरेशनच्या आधी ‘पूर्ण नाही जमलं तर काय कराल?’ हे ठरलेलं असावं. भूल दिल्यावर तुम्हाला विचारता येणार नाही.

*वरचं आवरण नव्याने घालणं.* जपानमधल्या ओसाकाच्या तेरुहिसा मिहाता यांची ही कल्पना. मांडीच्या बाहेरच्या बाजूची जाड पडदी, फॅशिया लाटा, काढून तिची घडी करायची आणि एक कड वाटीवर, दुसरी गोळ्यावर बांधायची. गोळा वर सरकायला गेला की ही चादर अडवते. २०१३ मध्ये त्यांनी २४ खांद्यांचे निकाल छापले. हात वर जाण्याचं सरासरी माप ८४ अंशांवरून १४८ अंशांवर गेलं होतं. त्यांची चादर ६ ते ८ मिलिमीटर जाड होती. इतर ठिकाणी दान केलेल्या त्वचेचा पातळ तुकडा वापरला गेला आणि निकाल तेवढे सारखे आले नाहीत. विचारायचं ते हे: चादर कशाची, किती जाड, आणि मांडीवर वण येणार का? काही सर्जन तिथलीच बायसेप्सची कंडरा वळवून हे काम करतात. हे ऑपरेशन सांधा शाबूत असलेल्या, तुलनेने तरुण माणसासाठी. सबस्कॅप्युलॅरिस आणि डेल्टॉइड चांगले हवेत.

*फुगा.* गोळा आणि वरच्या हाडामध्ये सलाइन भरलेला, वर्षभरात विरघळणारा फुगा ठेवायचा. ऐकायला छान आणि ऑपरेशन झटपट. ब्रिटनमध्ये ११७ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना नुसती साफसफाई, अर्ध्यांना साफसफाई आणि फुगा. २०२२ मध्ये निकाल आला की नुसती साफसफाई केलेलेच जास्त बरे होते. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी चाचणीत फुगा अर्धवट शिवण्याच्या तोडीचा ठरला, म्हणजे वाद मिटलेला नाही. पण स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे असतील तर माझं मत ब्रिटनच्या बाजूने.

*दुसरा स्नायू वळवणं.* मागच्या कंडरा कायमच्या गेल्या, हात बाहेर फिरत नाही, पण सांधा चांगला आहे आणि वय पन्नाशीच्या आतबाहेर आहे, अशा कष्टकऱ्यासाठी. स्वित्झर्लंडच्या गर्बर यांनी १९८८ मध्ये पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी सोडवून गोळ्यावर आणायची पद्धत मांडली. अलीकडे मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियस स्नायूचा खालचा भाग, मध्ये दुसऱ्या कंडरेचा तुकडा जोडून, आणतात. त्याची ओढ इन्फ्रास्पायनॅटसच्या दिशेला जास्त जुळते. पुढचा सबस्कॅप्युलॅरिस फाटलेला असेल तर लॅटिसिमसचा उपयोग फार होत नाही.

यात रुग्णाची मेहनत सगळ्यात जास्त. एका गवंड्याला आम्ही आरशासमोर उभं करून शिकवत होतो. कोपर अंगाकडे दाबायचं म्हणजे लॅटिसिमस जागा होतो, आणि तसंच दाबलेलं ठेवून हात बाहेर फिरवायचा. चार आठवडे काही नाही. मग एके दिवशी तो म्हणाला, “ताई, पाठीत ओढ लागली आणि हात सरकला.” मेंदूने नवा रस्ता पकडल्याची ती खूण. तिथून पुढे त्याला थापी धरेपर्यंत आणखी पाच महिने लागले. एवढा काळ मजुरी बुडणं ज्याला परवडत नाही त्याला हे ऑपरेशन सुचवताना त्याच्या घरचं गणितही विचारावं.

*उलटा सांधा.* रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट. फ्रान्समधल्या दिजाँच्या पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये याचा पहिला नमुना केला. वाटीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी. त्यामुळे सांध्याचं फिरण्याचं केंद्र आत आणि खाली येतं, डेल्टॉइडला लांब तरफ मिळते, आणि कफशिवाय हात उचलता येतो. ज्याचा हात खांद्याच्या वर जातच नाही, वर सांधाही झिजलाय आणि वय ६५-७० च्या पुढे आहे, त्याच्यासाठी सध्या इतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. दहा वर्षांनी दहातले नऊच्या आसपास सांधे जागेवर असतात. डेल्टॉइड आणि त्याची नस मात्र चालू हवी. ती नसेल तर हे ऑपरेशन नको.

तोटे स्पष्ट ऐकून घ्या. सांधा निखळू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, वरच्या हाडाला चीर जाऊ शकते, आणि बिघडलं तर परतीचा रस्ता अरुंद असतो. जड ओझ्यावर कायमची मर्यादा येते. बरेच सर्जन १० किलोच्या आसपास रेघ ओढतात. म्हणून पंचेचाळिशीच्या माणसाला ‘सगळ्यात आधुनिक’ म्हणून हा सांधा विकला जात असेल तर थांबा.

आणि एक गोष्ट जी ओपीडीत कुणी बोलत नाही. हात वर जातो पण मागे कमी जातो. माझ्या एका नऊवारी नेसणाऱ्या आजींचं हे ऑपरेशन झालं. तीन महिन्यांत अंबाडा घालू लागल्या, कुंकू लावू लागल्या. पण कासोटा मागे खोचता येईना. “वरचं दिलंत, मागचं काढून घेतलंत,” म्हणाल्या. नातीने खोचून द्यायचं ठरलं. डावा खांदा असेल तर शौचानंतर हात मागे पोचेल का, हे लाजेने कुणी विचारत नाही. विचारा. दोन्ही खांदे करायचे असतील तर जास्तच. पुढून वापरता येईल असा जेट आधीच बसवून घ्या.

सहावी पायरी: सर्जनला आणि विम्याला विचारायचे प्रश्न

असं ऑपरेशन वर्षातून किती करता? आत गेल्यावर बेत बदलला तर दुसरा बेत कोणता, आणि त्याची संमती आज घेताय का? अँकर किती लागतील, एकेकाची किंमत काय? बिलाचा मोठा भाग अँकरचा किंवा कृत्रिम सांध्याचा असतो, खोलीभाड्याचा नाही. कॅशलेसची मंजुरी घेताना ‘दुर्बिणीतून खांदा’ एवढंच न लिहिता नेमकी प्रक्रिया आणि इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा अँकर किंवा सांधा, लिहून घ्या. सांधेबदलाला बऱ्याच पॉलिसींत प्रतीक्षाकाळ असतो, तो आधी तपासा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून, तुमची नेमकी प्रक्रिया यादीत आहे का आणि तिथे ती होते का, हे दोन्ही विचारा.

सातवी पायरी: ऑपरेशनच्या आधीचा महिना

साखर आटोक्यात. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. निकोटीनने कंडरा जुळायला वेळ लागतो, आणि मिश्रीही तंबाखूच असते हे सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं. काखेत गळू, गजकर्ण, खाजवून झालेली जखम असेल तर आधी बरी करा. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

घरात पुढून उघडणारे कपडे काढून ठेवा: शर्ट, पुढच्या हुकांचा ब्लाउज, गाऊन. रोजची भांडी, डबे, मीठ-मसाला कमरेच्या उंचीवर आणा. झोपायला आरामखुर्ची किंवा भिंतीला टेकवलेल्या उशांचा ढीग हवा, कारण पहिले काही आठवडे आडवं झोपवत नाही. भारतीय पद्धतीचं संडास असेल तर खुर्ची आणा. उठताना त्या हाताने भिंत धरायची सवय घात करते.

आठवी पायरी: नंतरचं वर्ष

भूल बहुतेकदा पूर्ण, सोबत मानेतून नस बधिर करतात. हात १२ ते २४ तास मेल्यासारखा असतो, काहींची पापणी जड वाटते, आवाज बसतो, श्वास थोडा तोकडा वाटतो. हे बहुधा आपोआप जातं. बधिरपणा उतरण्याच्या आधीच दुखण्याची गोळी घ्या. पहाटे तीनला गोळी शोधायची वेळ आणू नका.

शिवलं असेल तर सहा आठवडे स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, काखेत छोट्या उशीसकट. या काळात बोटं, मनगट, कोपर हलवायचं. खांदा फक्त दुसऱ्याने किंवा दुसऱ्या हाताने, सर्जन सांगेल तेवढाच. सहा आठवड्यांनंतर स्वतःच्या ताकदीने हलवणं, १२ आठवड्यांनंतर ताकदीचे व्यायाम, जड काम सहा महिन्यांनी. खरा निकाल वर्षभराने कळतो. चादर घातलेल्या किंवा स्नायू वळवलेल्या खांद्याला याहून सावकाश. नुसती साफसफाई असेल तर स्लिंग काही दिवसच. उलट्या सांध्याला दोन ते सहा आठवडे, नंतर घरातली हलकी कामं, आणि तीन महिने तरी त्या हातावर भार देऊन खुर्चीतून उठायचं नाही. हात मागे नेऊन भार देणं हाच निखळण्याचा नेमका कोन.

कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. काख धुवायला पुढे वाकून हात लोंबता सोडा, आपोआप जागा होते.

सगळ्यात धोक्याचा काळ पाचवा ते दहावा आठवडा. दुखणं गेलेलं असतं, कंडरा जुळलेली नसते. एका बाईंनी सातव्या आठवड्यात नळ जाईल म्हणून बादली उचलली. “टच असा आवाज आला,” म्हणाल्या. सोनोग्राफीत अर्धी शिवण उघडलेली. पाण्याची वेळ, गॅसचा सिलिंडर, रांगणारं नातवंड, एसटीत चढताना दांडा: या चार गोष्टींसाठी माणूस आधी ठरवून ठेवा.

जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप आला, किंवा महिन्याभराने बरा होत आलेला खांदा पुन्हा ठणकू लागला तर लगेच ऑपरेशन केलेल्याच डॉक्टरांकडे जा. खांद्यातले काही जंतू फार हळू वाढतात, ताप न देता नुसतं दुखवतात. बोटं थंड, निळी पडली किंवा अचानक धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात. आणि घरी येताना डिस्चार्ज कार्डाबरोबर इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत मागून घ्या. दहा वर्षांनी त्या सांध्याचं काही करायची वेळ आली तर आत नेमकं काय, कुठल्या मापाचं बसवलंय, हे नव्या सर्जनला त्याच्यावरूनच कळेल.